सासूबाईंना होप व्हॅली दाखवताना

देवदत्त खानझोडेला काळजी करायला कारण लागत नसे. नसलं तर तो ते शोधून काढायचा. पगारही त्याला त्याच कामाचा मिळत होता. सॅन होजेच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचा, म्हणजे दुसऱ्यांनी हौसेने बांधलेली गोष्ट नेमकी कुठे मोडेल हे आधी ओळखायचं. संध्याकाळी तो फ्रीमाँटच्या घरी यायचा तेव्हा हे डोकं ऑफिसात ठेवून येणं काही त्याला जमत नव्हतं. गॅरेजचं दार बंद झालं का हे बघायला तो निम्म्या रस्त्यातून गाडी वळवायचा. "जन्मल्या जन्मल्या डॉक्टरांना विचारलं असशील तू, हात धुतलेत ना म्हणून," असं त्याची बायको नीलांबरी म्हणायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं ती हे हसत म्हणाली असेल.

अशा माणसावर तिने आपली आई सोपवली.

सरलाबाई एकाहत्तर वर्षांच्या. पाटण तालुक्यातल्या डोंगरवाड्यांमधून त्यांनी सरकारी नर्स म्हणून नोकरी केली होती. लसींचा डबा खांद्याला लावून एका वाडीवरून दुसरीवर चालत जायचं, आणि अंधार पडायच्या आत परतायचं. आता त्या कऱ्हाडला आपल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि नोव्हेंबरात परत जायच्या होत्या. पण या मुक्कामात काही गोष्टी घडल्या. दोनदा गॅस चालू राहिला. नातीला, इशिताला, त्या सारखं "नीलू" म्हणू लागल्या. विंचू चावलेल्या बाळंतिणीची गोष्ट त्यांनी एका आठवड्यात तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने.

नीलांबरीचा भाऊ अतुल पुण्यात होता. त्याचा निकाल तयार होता. आईचं विसरणं सुरू झालंय, आता एकटं ठेवायचं नाही, तिकीट कॅन्सल करा, कऱ्हाडचा फ्लॅट आपण बंद करू. पुढे आई त्याच्याकडे अकराव्या मजल्यावर राहील किंवा इकडे फ्रीमाँटला. हे सगळं व्हिडिओ कॉलवर, आई बाथरूममध्ये असताना ठरत होतं. खुद्द आईला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मला कळत नाहीये रे," नीलांबरी देवदत्तला म्हणाली. "मी रोज बघते म्हणून मला दिसत नसेल. आपण शनिवारी डोंगरात, होप व्हॅलीला जातोय ना, तेव्हा तू नीट बघ. गोळ्या आठवतात का, रस्ता कळतो का. तुला चुका दिसतात. रविवारी मला फक्त हो की नाही सांग, मग मी अतुलला कळवते."

म्हणजे एका बाईने आपल्या घरात राहायचं की नाही, हे देवदत्तच्या एका शब्दावर येऊन ठेपलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

त्यात शुक्रवारी संध्याकाळी नीलांबरीच्या कामावर काहीतरी कोसळलं. शनिवार-रविवार ऑन-कॉल, म्हणजे फोन आला की लगेच कामाला बसायचं. शिवाय इशिताचा सॉकरचा गेम. तिथल्या लॉजवर खोल्या तर घेऊन ठेवलेल्या. "तुम्ही दोघं जा," नीलांबरी म्हणाली. देवदत्तने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी त्याच्याकडे. अकरा वर्षांत ते दोघं एका खोलीत दहा मिनिटंसुद्धा एकटे बसले नव्हते. तो त्यांना 'आई' म्हणायचा आणि त्या त्याला 'देवदत्तराव', आणि या दोन संबोधनांच्या पलीकडे फारसं संभाषण कधी गेलं नव्हतं.

शनिवारी भल्या सकाळी ते निघाले. स्टॉकटन मागे पडेपर्यंत गाडीत शांतता होती. मग देवदत्तने कामाला सुरुवात केली, आणि ती इतकी ओबडधोबड केली की सांगायची सोय नाही.

"आई, आज वार कुठला हो?"

"शनिवार," सरलाबाई म्हणाल्या. "का? उपास आहे का तुमचा?"

"नाही, सहज. आणि बीपीची गोळी?"

"घेतली. तुम्ही घेतली का तुमची ॲसिडिटीची?"

घेतली नव्हती. त्याने गाडी बाजूला घेऊन ती घेतली. पुढे चढ लागला, कान बंद होऊ लागले, तशी त्याने ऑक्सिमीटरची चिमटी त्यांच्या बोटाला लावायला सुरुवात केली. पाच हजार फुटांवर एकदा, सहा हजारांवर एकदा. घाटमाथ्यावर, साडेआठ हजारांवर, त्याने गाडी थांबवून ती पुन्हा लावली. सरलाबाईंनी बोट पुढे केलं. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी बघितलेल्या बाईला आपल्या बोटाला कुणी असं धरून ठेवलेलं कसं वाटत असेल, हा विचार देवदत्तला शिवला नाही. तो आकडा बघत होता.

घाट उतरला आणि खोरं समोर आलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर काळपट हिरवे पाइन, आणि त्यांच्या मधून ॲस्पेनच्या झाडांचे पट्टे हळदीसारखे पिवळे उतरत आलेले. पानं देठावर थरथरत होती, त्यामुळे वारा नसतानाही सगळा डोंगर हलतोय असं वाटत होतं. खाली सपाटीवर वाळलेलं गवत, त्यातून वळणं घेत जाणारी नदी, आणि पार टोकाला शिखरावर मूठभर बर्फ.

"अगं बाई," सरलाबाई म्हणाल्या. त्या काचेला नाक लावून बघत राहिल्या. मग, "काच खाली करा जरा." थंड हवा आत आली. त्यांनी डोळे मिटून ती छातीत भरून घेतली आणि देवदत्तने लगेच विचारलं, "दम लागतोय का?"

लॉज म्हणजे लाकडी ओंडक्यांचं जुनं घर होतं. खाली जेवणाची खोली, बाजूला दोन पाहुण्यांच्या खोल्या. मालकीण मार्गरेट, सत्तरीची, उंच आणि हसरी. 'निसर्गाशी नातं जोडा' अशी या लॉजची जाहिरात होती, म्हणजे इथे मोबाइलला सिग्नल नव्हता आणि वायफायही नव्हतं. भिंतीवर एक जुना वायरचा फोन तेवढा होता. देवदत्तने तो लागतो का हे उचलून बघितलं.

जेवायला राजम्यासारख्या दाण्यांचं दाट सूप आणि चुलीवर भाजलेला जाड पाव. "मीठ विसरलेली आमटी," असा शेरा मारून सरलाबाईंनी पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. मार्गरेटने ती चाखली, ठसकली, आणि पुन्हा मागितली. मग दोघींचं जमलंच. सरलाबाईंचं इंग्रजी नर्सिंगच्या कोर्सचं, मोजकं आणि धीट. मार्गरेट सांगत होती की हिवाळ्यात इथे खिडकीच्या वरपर्यंत बर्फ चढतो आणि घाट कधीकधी बंद होतो, जुलैत हीच कुरणं रानफुलांनी भरतात, आणि हे सोनं फक्त दोन-तीन आठवड्यांचं, एक जोराचा वारा आला की संपलं. "थोड्या वेळाने मी ॲपल पाय करणार आहे," ती म्हणाली, "बघायला ये किचनमध्ये." सरलाबाईंनी मान डोलावली.

देवदत्त पाच तास गाडी चालवून आणि आदली रात्र जागून दमला होता. "पाच मिनिटं पडतो," म्हणून तो खोलीत गेला.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन तिरकं झालं होतं. त्याने सासूबाईंच्या खोलीचं दार वाजवलं. आत कुणी नव्हतं. किचनमध्ये मार्गरेट ओट्याकडे तोंड करून सफरचंदं चिरत होती.

"माझ्या सासूबाई कुठे आहेत?"

"येतेय ती," मार्गरेट वळूनही न बघता म्हणाली. "मघाशीच तिने सांगितलं. दारातून ओरडली, 'मार्गरेट, आय ॲम कमिंग!' मी पीठ तसंच ठेवलंय तिच्यासाठी."

देवदत्तचा जीव भांड्यात पडला. बाथरूममध्ये असतील, साडी बदलत असतील. तो जेवणाच्या खोलीत कॉफी घेऊन बसला. कप संपला. त्याने दुसरा घेतला. मार्गरेटने वाट बघून एकटीनेच ॲपल पाय ओव्हनमध्ये सरकवला. तेव्हा कुठे देवदत्त उठला आणि त्याने बाथरूमचं दार ढकललं. ते उघडंच होतं. खोलीत कोपऱ्यातले चालायचे बूट नव्हते. खुर्चीवरची शाल नव्हती. फोन मात्र उशीजवळ पडला होता.

"त्यांनी नक्की काय सांगितलं?" त्याने मार्गरेटला पुन्हा विचारलं.

"आय ॲम कमिंग. मी ऐकलं ना. खूप वेळ झाला त्याला."

येते म्हणाल्या आणि आल्या नाहीत. म्हणजे किचनकडे यायला निघाल्या, आणि मध्येच विसरल्या कुठे निघालो ते. दारातून भलतीकडेच बाहेर पडल्या. अतुलचं बरोबर होतं. त्याने भिंतीवरचा फोन उचलला. आधी शोधायला धावायचं की फोन करायचा, याचा विचार करायची शुद्ध त्याला नव्हती.

"नीलू, आई कुठे दिसत नाहीयेत. मला झोप लागली गं. बाहेर गेल्यात, एकट्या. फोन इथेच टाकून."

मग नीलांबरी रडक्या आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं. मला आतून माहीत होतं रे. तू जा, शोध. मी अतुलला सांगते, तिकीट कॅन्सल कर म्हणून."

"पोलिसांना, शेरीफच्या ऑफिसला, मी कळवते," मार्गरेट म्हणाली. "तू नदीकडे बघ. आमची सगळी पाहुणी मंडळी तिकडेच जातात."

तो स्वेटर न घालताच धावत सुटला. पायवाट नदीच्या लाकडी पुलापर्यंत नीट जात होती, पण पुलापलीकडे तिचे दोन फाटे झाले होते. दोन्ही सारखेच मळलेले, दोन्हीवर पिवळी पानं पडलेली. तो उजवीकडे वळला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "आई! ओ आई!" जत्रेत हरवलेल्या पोरासारखा एक पंचेचाळीस वर्षांचा माणूस अमेरिकेच्या डोंगरात हाका मारत पळत होता. हाक समोरच्या कड्यावर आपटून परत यायची आणि त्याला वाटायचं कुणी ओ दिली. दमही लागला. त्याचा त्यालाच. अर्ध्या मैलावर तारेचं कुंपण लागलं, आत गुरं चरत होती, आणि वाट तिथेच संपली. चुकलाच होता तो.

नदी खोल नव्हती, पण दगड शेवाळलेले. रात्री तापमान शून्याखाली जातं, हे मार्गरेटने जेवताना सांगितलं होतं. अस्वलांबद्दलही सांगितलं होतं. नागपूरचे त्याचे बाबा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले तेव्हा विमानं बंद होती, आणि बापाला पोचवताना त्याने फ्रीमाँटच्या किचनमध्ये उभं राहून फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या काळजीला तळच राहिला नव्हता. आता नीलूची आई. तीही हरवली, तो झोपला असताना. कुंपणाचा खांब धरून तो वाकला आणि त्याला रडू आलं.

तो मागे फिरला आणि धडपडत पुलापाशी आला, तर पलीकडच्या तीरावर, लॉजच्या वाटेवर, एक ठेंगणी आकृती शाल गुंडाळून सावकाश चालत निघाली होती.

"आई!"

सरलाबाई वळल्या. त्यांच्या हातात ॲस्पेनची एक लहान डहाळी होती. "अहो, स्वेटर कुठंय तुमचा?" त्या म्हणाल्या. "गारठून मराल की."

"कुठे गेला होतात? न सांगता असं—"

"न सांगता?" त्यांचा आवाज चढला. "सांगितलं की मार्गरेटबाईंना. चांगलं ओरडून सांगितलं, आय ॲम कमिंग. तुम्हाला उठवलं नाही, कारण उठवलं असतं तर तुम्ही परत ती चिमटी लावली असती बोटाला. घटकाभर झाडं बघायची होती मला. एकटीने. बस."

देवदत्त पुलाच्या मध्यावर उभाच राहिला. आय ॲम कमिंग. येते. घरातून निघताना कऱ्हाडची कुठली बाई 'जाते' म्हणेल? जाते असं तोंडातून काढायचंच नाही. उंबऱ्यातून पाय बाहेर टाकताना म्हणायचं ते 'येते'च. सरलाबाईंनी ते नीट, जसंच्या तसं, इंग्रजीत करून सांगितलं होतं. मार्गरेट पाठमोरी होती, तिला दार दिसलं नव्हतं. आणि तो स्वतः, जन्मभर आईला "येतो गं" म्हणून शाळेत गेलेला, कॉफी पीत बसला होता.

लॉजमध्ये मार्गरेटने सरलाबाईंना मिठी मारली आणि शेरीफच्या ऑफिसला पुन्हा फोन करून सापडल्याचं कळवलं. देवदत्तने तिला सगळं समजावून सांगितलं. "म्हणजे तुमच्याकडे निघालेला माणूस येतोय असं म्हणतो?" ती म्हणाली. "मग खरंच येत असेल तर काय म्हणतो?" "तेच," देवदत्त म्हणाला. तिला ते काही पटलं नाही.

मग टेबलाशी ते दोघंच उरले. मध्ये गरम ॲपल पाय. त्याला सरलाबाईंनी हात लावला नाही.

"मला तपासायला आणलंत ना?" त्या म्हणाल्या.

देवदत्तने काटा खाली ठेवला.

"बाथरूमचं दार पातळ आहे तुमच्या घरचं. अतुलचं सगळं ऐकू येतं. गॅसचं म्हणाल तर तुमच्या शेगडीची बटणं उलटी फिरतात. मला सवय नाही. पण ते कुणी विचारलंच नाही." त्यांचे हात टेबलावर एकमेकांत घट्ट धरलेले होते. "माझं घर आहे ते, देवदत्तराव. सकाळी खिडकी उघडली की कृष्णेकडचा वारा येतो. अकराव्या मजल्यावर मी काय करू? नीलूला काय सांगणार आहात?"

तो उठला आणि त्याने फोन लावला.

"आई आहेत. ठीक आहेत. अगं ऐक, त्या हरवल्या नव्हत्याच. सांगून फिरायला गेल्या होत्या, आम्हाला समजलं नाही. चूक आमची. अतुलला सांगितलंस का तिकिटाचं?"

"अतुल फोन उचलत नाहीये. झोपला असेल."

"मग सांगू नकोस. त्या नोव्हेंबरात घरी जातील. मी सांगतोय ना."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. सुटला एकदाचा, असं त्याला वाटलं. सरलाबाई मात्र सुटल्यासारख्या दिसत नव्हत्या. त्या डहाळीची पानं एकेक करून सारख्या करत होत्या.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या. "पुलापलीकडे दोन वाटा आहेत बघा. परत येताना तिथे मला कळेना, मी कुठल्या वाटेने आले, आणि पूल कुठल्या अंगाला. काहीच कळेना. अख्खा पाटण तालुका चालले, कधी झालं नव्हतं असं. उभी राहिले गप. भीती वाटली मला. मग मार्गरेटबाईंच्या चुलीचा धूर दिसला, तेव्हा ध्यानात आलं."

देवदत्तने खुर्ची पुढे ओढली.

"हे मला का सांगताय?"

"तुम्ही माझ्यासाठी शब्द दिलात," सरलाबाई म्हणाल्या. "उद्या काही झालं तर लेक तुम्हाला धरेल. तुम्हाला खोटं पाडून मला घरी जायचं नाही. आता नीलूला सांगायचं तर सांगा. मी अडवणार नाही."

बाहेर डोंगरांच्या सावल्या कुरणावर आल्या होत्या. देवदत्तला काय वाटत होतं म्हणाल तर भीती. नव्या जागी कुणीही चुकतं, तो स्वतः त्याच जागी चुकला होता. आणि हे त्याहून वेगळं, कशाची तरी सुरुवातही असू शकेल. दोन्हीतलं खरं कुठलं हे कुठल्याच टेस्टिंगमध्ये निघणार नव्हतं. तो उठला आणि त्याने फोन पुन्हा लावला.

या वेळी त्याने सगळं सांगितलं. पूल, फाटा, आईंचं थांबणं, त्यांची भीती. त्याच फाट्यावर आपण कसे भलतीकडे पळालो तेही.

"मग?" नीलांबरी म्हणाली. "तरी पाठवायचं म्हणतोस? एकटीला?"

"डॉक्टरला दाखवू आधी. पण त्यांना बरोबर घेऊन, त्यांना सांगून. आणि जाऊ दे त्यांना. मी रोज फोन करेन."

"तू? आईला? रोज?"

"बाबांना करायचो ना संध्याकाळी. त्यांची सकाळ असायची तेव्हा. गोळी घेतली का, जेवले का. ओरडायचे माझ्यावर, पण उचलायचे." त्याने फोनची वायर बोटाला गुंडाळली. "चार वर्षं झाली, त्या वेळेला मी नुसताच हातात फोन घेऊन बसतो गं. गोळी घेतली का, हे मला कुणाला तरी विचारायचंय."

इकडे खुर्ची सरकली. सरलाबाई उठल्या, त्यांनी जावयाच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि त्याच्याकडे न बघता लेकीला म्हणाल्या, "नीलू, तुझ्या नवऱ्याला सांग, फोन रोज केला तरी चालेल. पण अगदी सकाळी नको म्हणावं. सकाळी मी फिरायला गेलेली असते."